चाचा

शनिवारच्या बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी
गोणपाटावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांतनं
गौतमीनं नेमकं हेच उचललं :
एक डोळा झाकलेला माणूस, खांद्यावर पोपट,
मागं निळा रंग,
निळ्यात कुणाच्या तरी चहाचं एक गोल बेट.
वीस सांगितले. बाराला तुटलं.

आमच्या वडगावात समुद्र नाही.
नळाला चार दिवसांनी पाणी येतं,
त्या पहाटे घागरी, बादल्या, अगदी कुकरसुद्धा
रांगेनं बंदराला लागतात.

पुस्तक कन्नड. मला अक्षरं येतात ती
बसच्या पाटीपुरती. ती पहिलीत,
माझ्यापेक्षा चार पानं पुढं.
ती 'कडल' म्हणते, मी 'समुद्र' म्हणते,
मधलं चित्र दोघींचंही ऐकून घेतं.

"आणि हा कोण?"
"चाचा," मी म्हटलं. "जहाजं लुटणारा."
ती गप्प झाली. मग अगदी हळू,
"आपला दस्तगीर चाचा पण?"

आता भाषेनंच दगा दिल्यावर मी काय करणार!
तसा तो गल्लीच्या तोंडाशी सायकली दुरुस्त करतो.
पण गेल्याच आठवड्यात मोतीबिंदू काढून आलाय,
डाव्या डोळ्यावर हिरवी पट्टी.
पुरावा भक्कम होता.

सकाळी पुस्तक काखेत मारून ती चौकशीला गेली.
त्यानं ग्रीसचे हात लुंगीला पुसले,
एका डोळ्यानं एकेक पान
पंक्चर शोधावं तसं फिरवून बघितलं.
"हा पोपट माझाच की. गोव्याकडं उडाला."
"आणि खजिना?"
त्यानं डालड्याचा डबा पुढं केला.
आत सायकलचे छर्रे. गोल, चांदीचे, तेलात निजलेले.
"मोज. एक जरी हरवला तर चाक रडतंय बघ."
दुपारपर्यंत मोजत होती. दोनशे अकरा.

रात्री भरमाचा माग चालतो, खटाक खटाक,
मी कांड्या भरता भरता वाचते.
"वल्ही मारतायत," ती म्हणते.
अन् लाईट गेली की अख्खी गल्ली एकदम मुकी होते.
"वारा पडला," ती अंधारात सांगते
आणि आम्ही तिघं, साडीच्या अर्ध्या पदराजवळ,
वाऱ्याची वाट बघत बसतो.

मोडक्या छत्रीचं कापड. खडूची कवटी,
तिच्या हातनं ती हसरीच झाली.
गच्चीच्या गजाला बांधून ती खाली आली
आणि भरमा वर पळाला.
"उद्या एक तारीख आहे. नोव्हेंबर. कळतंय का तुला?"
ते मला म्हणाला.
इथं आधी झेंड्याचा रंग विचारतात,
माणसाची खुशाली मागनं.
काळा बघून ह्यांनी विचारलं असतं, कुणाचा?
त्यांनीही विचारलं असतं, कुणाचा?
आणि पोरीनं खरं ते सांगितलं असतं, "चाचांचा."
मग तर बघायलाच नको.

पाच वर्षांच्या पोरीला तारीख कशी समजवायची?
मी म्हटलं, वादळ येणार आहे,
शहाणे खलाशी शीड उतरवतात.
तिनं माझ्याकडं बघितलं. आभाळाकडं बघितलं.
आभाळ स्वच्छ होतं.
तरी तिनं घडी घातली, चार पदरी, गाठ मारून.

दुसऱ्या दिवशी दुकानं बंद. रस्त्यावरनं घोषणा,
एकदा लांबून, एकदा जवळनं.
संध्याकाळी दस्तगीर चाचा मागच्या दारानं आला
थेंब घालून घ्यायला. त्याचा हात थरथरतो.
मी पट्टी सोडली. आतला डोळा लाल, ओला,
नवा असल्यासारखा सगळ्याकडं बघत होता.
गौतमीनं लगेच पुस्तक त्याच्यापुढं धरलं,
चिकटलेलं शेवटचं पान नखानं सोडवलं
आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत
पहिल्यांदाच एका दमात वाचलं,
"कडल्गळ्ळ."

"म्हणजे कोण गं?" चाचानं विचारलं.

"तूच की."